दुभाष्या पेटीला पेटंट द्यायचं का?

कारखान्यातल्या जुन्या वीजमीटरला काही विचारायचं, तर तारेवरून आठ बाइट जातात: ०१ ०३ ०० ०० ०० ०२ सी४ ०बी. अर्थ एवढाच, की ‘एक नंबरच्या मीटरा, पहिल्या दोन नोंदी सांग.’ शेवटचे दोन बाइट वाटेत काही बिघडलं का, हे तपासायला. ही मॉडबस, म्हणजे कारखान्यातल्या यंत्रांनी एकमेकांशी बोलायची १९७९ सालची बोली. हाच प्रश्न इथरनेटवर, म्हणजे संगणकांच्या जाळ्यावर, टीसीपी या संदेश पोचवायच्या पद्धतीने पाठवताना शेपटीचे दोन बाइट गळतात, कारण ती तपासणी जाळ्याचे खालचे थर करतात. आणि पुढे सहा बाइट चढतात, त्यांत प्रश्नाचा क्रमांक आणि लांबी असते. मधली दुभाष्या पेटी ही अदलाबदल करते.

अशा पेटीवर कुणी पेटंट मागितलं, तर परीक्षकापुढे खरा पेच उभा राहतो. जाणकाराला जे उघडच सुचलं असतं, त्याला पेटंट मिळत नाही; पण उत्तर वाचून झालं, की कुठलंही कोडं सोपंच वाटतं. म्हणून त्याला अर्जाच्या तारखेआधीच्या दिवसांत जाऊन बसावं लागतं आणि त्या क्षेत्रातल्या साधारण जाणकाराच्या डोक्याने विचार करावा लागतो. आधी काय माहीत होतं, दावा त्याहून कुठे वेगळा, जाणकाराची पातळी किती, हे तीन प्रश्न अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९६६ मध्ये ग्रॅहम खटल्यात घालून दिले. २००७ च्या केएसआर खटल्यात, गाडीच्या पेडलला सेन्सर जोडण्याच्या वादात, त्याच न्यायालयाने बजावलं, की हा जाणकार म्हणजे यंत्रमानव नव्हे, त्यालाही थोडी कल्पकता असते. आपल्याकडे विश्वनाथ प्रसाद खटल्यात १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कारागिराच्या नेहमीच्या सुधारणेपेक्षा काही जास्त मागितलं. मला ही कसोटी फार आवडते, कारण ती थेट वर्कशॉपमध्ये नेते.

आता दावे पाहू. ‘एका बोलीतला संदेश दुसरीत करणारी पेटी’ हा दावा टिकणार नाही. दोन्ही बोलींचे नियम छापील आहेत आणि जोडण्याची गरज सगळ्यांनाच होती.

दुसरा दावा जरा चतुर. जुन्या तारेवर एका वेळी एकच प्रश्न चालतो. सेकंदाला ९६०० बिटांच्या वेगाने नुसता प्रश्न जायलाच सुमारे नऊ मिलिसेकंद लागतात. जाळ्यावरचे दहा स्क्रीन एकच गोष्ट विचारत असतील, तर पेटी मीटरला एकदाच विचारते आणि उत्तर दहा जणांना वाटते. माझ्या मते हेही उघडच आहे. तात्पुरती साठवण संगणकात जुनीच. ताटकळलेला अभियंता तिच्याकडेच वळला असता. ‘वळू शकला असता’ एवढं पुरत नाही, ‘वळलाच असता’ असं दाखवावं लागतं, आणि इथे ते दाखवता येतं.

तिसरा मात्र अवघड. मध्येच एका स्क्रीनने मीटरची एखादी नोंद बदलली, तर साठवलेली कुठली उत्तरं शिळी झाली? यंत्राच्या माहितीपुस्तिकेत हे संबंध दिलेले नसतील आणि पेटी ते संदेशांच्या येण्याजाण्यावरून स्वतः हुडकत असेल, तर त्या वाटेने नेणारा जुना कागद हाती आल्याशिवाय मी तो दावा फेटाळणार नाही.