लघवी लागली म्हणजे पिशवी भरली?

"लघवी लागली म्हणजे पिशवी काठोकाठ भरली, आता थांबलास तर फुटेल," हे आपण लहानपणापासून ऐकतो. तसं नसतं. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर लघवी मावते. पहिली जाणीव मात्र दीडशे-दोनशेलाच होते. ती नुसती वर्दी.

पिशवीची भिंत ताणली की तिथल्या नसा मज्जारज्जूमार्फत मेंदूला कळवतात. मेंदूच्या देठात, पॉन्स नावाच्या भागात, यासाठी एक इवलंसं केंद्र आहे. फ्रेडरिक बॅरिंग्टन या ब्रिटिश डॉक्टरांनी १९२५ मध्ये मांजरांवरच्या प्रयोगांतून ते दाखवलं. ते चालू झालं की पिशवी आवळते आणि तिच्या तोंडाचा स्नायू सैल पडतो. पण कपाळामागचा मेंदू 'जागा बरी आहे का, चारचौघांत तर नाही ना' हे बघून त्याला थोपवून धरतो. तान्ह्या बाळात हा लगाम तयार नसतो, म्हणून तर लंगोट!

दाराच्या कुलपात किल्ली फिरवताना एकदम घाई होते ना? त्या अर्ध्या मिनिटात पिशवी काही भरत नाही. घर आलं हे ओळखून मेंदू सवयीने लगाम सोडतो, इतकंच. नळाच्या आवाजाचंही बहुधा तसंच.

प्रवासाआधी "एकदा जाऊन ये" ठीक आहे. पण रोज तासातासाला उगाच गेलं, तर थोड्याशा लघवीलाही घाई होऊ लागते. अर्थात तासन्‌तास दाबून धरणंही नको, आणि जळजळ किंवा रक्त दिसलं तर थेट डॉक्टरकडे.