पार्श्वभूमी : बॉड रेट ठरवायचा कोणी?

आरएस-२३२ हे उपकरण संगणकाला सीरियल तारेने जोडायचं मानक १९६० सालचं, त्याची गाजलेली ‘सी’ आवृत्ती १९६९ची. त्यात केबलची लांबी धरली होती पन्नास फूट, म्हणजे जेमतेम १५ मीटर. मिरकरवाड्यापासून वेंगुर्ल्यापर्यंत कुठल्याही बंदरात एआयएसचा (जहाजं आपली ओळख आणि ठिकाण रेडिओवरून कळवतात, त्या यंत्रणेचा) रिसीव्हर अँटेनाजवळ आणि संगणक ऑफिसात ठेवायचा म्हटलं, तर ती जागेवरच संपते. खाऱ्या वाऱ्याने पिना गंजतात, वळवाच्या विजा लांब तारेतून थेट पोर्टात शिरतात. म्हणून रिसीव्हरशेजारी छोटा लिनक्स बोर्ड, त्यावर सेर२नेटसारखा डेमन (सतत मागे चालून सीरियल पोर्ट नेटवर्कवर देणारा प्रोग्रॅम) आणि पुढे नेटवर्क, ही मांडणी रुळली.

गुंता सुरू झाला तो ऑक्टोबर १९९७मध्ये आलेल्या आरएफसी २२१७ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजापासून. टेल्नेटच्या (दूरच्या यंत्राशी नेटवर्कवरून बोलायच्या जुन्या पद्धतीच्या) कनेक्शनमधूनच क्लायंटला, म्हणजे जोडणाऱ्या प्रोग्रॅमला, बॉड रेट (तारेवरचा वेग), पॅरिटी (चूक ओळखणारा बिट), डीटीआर, आरटीएस (नियंत्रणाचे संकेत) बदलता यावेत, अशी ती सोय. नेटवर्कवरून दूरचा मोडेम वापरणाऱ्यांना ती हवीच होती. सेर२नेटच्या जुन्या, कोलनने तोडलेल्या कॉन्फिगमध्ये ओळीच्या शेवटी ‘रिमसीटीएल’ लिहिलं की ती चालू होई. पण टेल्नेटमध्ये २५५ हा बाइट राखीव असतो. डेटात आला तर तो दोनदा पाठवावा लागतो. एनएमईए ०१८३ या सागरी उपकरणांच्या मानकातली वाक्यं साध्या अक्षरांची, त्यामुळे तिथे हे कळतही नाही. जीपीएस बायनरीत बोलू लागला आणि समोरचा प्रोग्रॅम टेल्नेट जाणत नसला, की चेकसम (डेटा नीट आला का ते ताडणारे आकडे) चुकत राहतात.

‘रॉ’, म्हणजे टेल्नेटशिवाय, ठेवलं तर बाइट जसेच्या तसे जातात, पण वेग बदलायची वाट बंद होते. जीपीएसडी हा जीपीएस वाचणारा डेमन स्थानिक पोर्टावर एकेक बॉड रेट लावून बघतो. टीसीपीचा, म्हणजे नेटवर्कवरचा, पत्ता दिल्यावर त्याला ते करता येत नाही. जीपीएस सहसा ४८००वर, एआयएस ३८४००वर. बोर्डावर चुकीचा आकडा असेल तर पलीकडे नुसता कचरा पोचतो. तरीही जेटीवरच्या कामाला रॉच बरं: रिसीव्हर वर्षानुवर्षं तोच, मग वेग कॉन्फिगमध्ये कायमचा बांधून टाकावा. क्लायंटला अधिकार देण्याचा आग्रह मुख्यतः कंट्रोलर चिपमध्ये प्रोग्रॅम भरणाऱ्यांचा, आणि त्यांच्यापुरता तो रास्त आहे.

सेर२नेटच्या ४ क्रमांकाच्या मालिकेपासून कॉन्फिग यामल या मजकूर-मांडणीत आलं. रिमसीटीएलच्या जागी ॲक्सेप्टरच्या (जोडणी कुठे आणि कशी घ्यायची ते सांगणाऱ्या) ओळीत टेल्नेटपुढे कंसात ‘आरएफसी२२१७’ लिहायचं. इंडेंटसाठी टॅब चालत नाही.

पावसाळ्यात मात्र वेगळ्याच पर्यायाची गरज भासते. ऑफिसातली लाईट जाते, बोर्ड बॅटरीवर चालूच राहतो. संगणक पुन्हा सुरू होऊन जोडू पाहतो, तर डेमनच्या लेखी जुनं कनेक्शन अजून जिवंत, पोर्ट अडलेला. ‘किकओल्डयूजर’ हा सेर२नेटचा पर्याय मुळात बंद असतो; तो चालू केला की नवा येताच जुन्याला बाहेर काढतात. एकाच फीडवर दोन संगणक असतील तर मात्र ते एकमेकांना हुसकावत बसतात. तिथे ‘मॅक्स-कनेक्शन्स’चा आकडा वाढवावा लागतो.