ॲस्टलिनक्स आता कुठे जाणार?

ॲस्टलिनक्सच्या पुढच्या वाटचालीचा विषय निघाला की बोलणं लगेच नव्या सोयींवर जातं. पण या चिमुकल्या टेलिफोनी प्रणालीची दिशा आजवर दोन परक्या गोष्टींनीच ठरवली आहे: खालचं हार्डवेअर आणि वरचं ॲस्टरिस्क, म्हणजे संगणकालाच टेलिफोन एक्स्चेंज बनवणारं मुक्त सॉफ्टवेअर.

ॲस्टरिस्क मार्क स्पेन्सरने १९९९ साली लिहायला घेतलं. लिनक्सची मदत पुरवणारा छोटा धंदा काढलेल्या या विद्यार्थ्याला टेलिफोन एक्स्चेंज हवं होतं आणि विकतचं परवडत नव्हतं. जिम डिक्सनच्या झापाटा प्रकल्पातून साध्या संगणकाला टेलिफोन लाइन जोडणारी कार्डं आली. २००४मध्ये ॲस्टरिस्कची १.० आवृत्ती निघाली. मात्र ते चालवायला अख्खा संगणक लागे, हार्ड डिस्क आणि घरघरणाऱ्या पंख्यासकट.

साधारण त्याच सुमारास क्रिस्टियन कीलहोफनर यांनी ॲस्टलिनक्स सुरू केलं. सोक्रिसच्या नेट४८०१सारख्या बोर्डावर २६६ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि १२८ एमबी मेमरी, पंखा नाही, डिस्कच्या जागी कॉम्पॅक्ट फ्लॅश कार्ड. फ्लॅशवर सारखं लिहीत राहिलं की ते झिजतं. म्हणून मूळ प्रणाली फक्त वाचता येणाऱ्या एकाच इमेजमध्ये (अख्ख्या प्रणालीची एकच तयार फाइल) आणि सेटिंग्ज वेगळ्या कप्प्यात, अशी मांडणी झाली. अपग्रेड म्हणजे नवी इमेज आणून रीबूट करणं. बिनसलं तर जुनी तिथेच असते, मागे फिरायचं. मध्येच वीज गेली तरी मूळ इमेजला धक्का नाही. आज साठवण स्वस्त आहे, ती अडचण उरलेली नाही. मांडणी मात्र टिकली, आणि माझ्या मते या प्रणालीचं खरं भांडवल तेच आहे.

ॲस्टरिस्कवर उभ्या राहिलेल्या त्या काळातल्या इतर प्रणाली मोठ्या होत गेल्या. ॲस्टरिस्क ॲट होमचं ट्रिक्सबॉक्स झालं. इलॅस्टिक्स २०१६मध्ये थ्रीसीएक्स या कंपनीकडे गेलं आणि त्याच्या नव्या आवृत्तीतून ॲस्टरिस्कच हद्दपार झालं. सेंटओएस ७ या लिनक्स आवृत्तीचा आधार जून २०२४मध्ये संपला, तेव्हा तिच्यावर बेतलेल्या फ्रीपीबीएक्सला १७व्या आवृत्तीत डेबियन या दुसऱ्या लिनक्सवर बिऱ्हाड हलवावं लागलं. ॲस्टलिनक्स बिल्डरूट हे छोट्या यंत्रांसाठी लिनक्स बांधायचं साधन वापरून सगळं स्वतःच बांधतं, त्यामुळे असला भूकंप त्याला जाणवला नाही. पण बिल्डरूटमध्ये काय घ्यायचं, काय कधी अद्ययावत करायचं, हे मोजक्या स्वयंसेवकांनाच बघावं लागतं. प्रत्येक नवी सोय म्हणजे त्यांच्या डोक्यावर कायमचं एक पॅकेज. 'हेही घाला ना' म्हणणाऱ्यांच्या हे लक्षात येत नाही.

हार्डवेअरचा धक्का बसून गेला. पीसी इंजिन्सचे एपीयू बोर्ड या वर्तुळात लाडके होते. ते बंद होत असल्याचं कंपनीने २०२३मध्ये सांगितलं. त्यावर उपाय आहे, कुठलाही छोटा एक्स८६ (इंटेल-एएमडी धाटणीचा) संगणक किंवा व्हर्च्युअल मशीन चालतं.

ॲस्टरिस्कचा धक्का अधिक अवघड. चॅन-सिप हा सिपचा (इंटरनेटवरून कॉल जोडण्याच्या पद्धतीचा) जुना ड्रायव्हर २०२३च्या २१व्या आवृत्तीतून काढून टाकला गेला. त्याचा वारस पीजेसिप २०१३च्या १२व्या आवृत्तीपासून आहे, पण त्याची कॉन्फिगरेशन पूर्ण वेगळी. कपाटात ठेवलेली पेटी बारा-पंधरा वर्षं कोणी उघडलेली नसते, आणि तिची कॉन्फिगरेशन फाइल लिहिणारा माणूस केव्हाच नोकरी सोडून गेलेला असतो. चॅन-सिप असलेली शेवटची दीर्घ-आधाराची आवृत्ती २०वी. तिच्या सुरक्षा दुरुस्त्या ऑक्टोबर २०२७पर्यंतच मिळणार आहेत.