जुने स्कायरिम आणि स्पेशल एडिशन: नाव एक, पाया वेगळा

नागपुरात बर्डीच्या बाजारात जुना लॅपटॉप पाहायला गेलेल्या विद्यार्थ्याने "यावर स्कायरिम (हा संगणकावरचा खेळ) चालेल का?" असे विचारले, तर "चालून जाईल नं भाऊ" हे उत्तर मिळायला वेळ लागत नाही. ते उत्तर खरे की खोटे, हे कोणते स्कायरिम याचा खुलासा झाल्याशिवाय ठरत नाही. कारण या नावाचे दोन खेळ आहेत. दोन्हींची कथा, नकाशा आणि पात्रे तीच असली तरी संगणकाच्या दृष्टीने ते वेगळे प्रोग्राम आहेत.

बेथेस्डा गेम स्टुडिओजचे मूळ स्कायरिम ११ नोव्हेंबर २०११ रोजी आले आणि स्पेशल एडिशन २८ ऑक्टोबर २०१६ रोजी. मधे २०१३ मध्ये 'लेजेंडरी एडिशन' निघाली, तिच्यामुळे गोंधळात भर पडली. तिच्यात डॉनगार्ड, हार्थफायर आणि ड्रॅगनबॉर्न हे तीन पूरक भाग एकत्र बांधलेले होते, एवढेच. आतला खेळ २०११चाच होता. हे तीन भाग स्पेशल एडिशनमध्येही आहेत, त्यामुळे केवळ भागांची यादी पाहून दोघांतला फरक कळत नाही.

डोळ्यांना दिसणारा फरक लवकर सांगून होतो. नव्या आवृत्तीत चित्रे रेखाटण्यासाठीच्या डायरेक्टएक्स ९ या विंडोजच्या यंत्रणेच्या जागी डायरेक्टएक्स ११ आले, झाडांमधून उतरणारे उन्हाचे झोत आले, बर्फ आणि पाणी सुधारले. जाहिरातीत याच गोष्टी मिरवल्या गेल्या, आणि माझ्या मते त्यातच सर्वात कमी दम होता, कारण मॉड, म्हणजे खेळाडूंनी स्वतः बनवलेले बदल, बसवणाऱ्यांनी जुन्या खेळाचे रूप त्याआधीच याहून अधिक पालटून टाकले होते.

खरा फरक पायात आहे. मूळ खेळ ३२-बिट आहे आणि स्पेशल एडिशन ६४-बिट. ३२-बिट प्रोग्रामला मेमरीतल्या प्रत्येक बाइटचा पत्ता ३२ बिटांत मांडावा लागतो. असे पत्ते सुमारे ४२९ कोटी होतात, म्हणजे ४ जीबी. लॅपटॉपमध्ये १६ जीबी रॅम असली तरी त्या मर्यादेपलीकडची जागा त्याच्या उपयोगाची नसते. सुरुवातीला तर मूळ खेळाला त्यातलेही निम्मेच वापरता येत होते. डिसेंबर २०११ च्या अपडेटने ४ जीबीची वाट मोकळी केली. मॉडशिवाय खेळणाऱ्याला एवढे पुरते. पण ४०९६ गुणिले ४०९६ पिक्सेलचे एक टेक्स्चर, म्हणजे वस्तूच्या पृष्ठभागावर चढवलेले चित्र, डीएक्सटी५ या नेहमीच्या प्रकारात दाबूनही सुमारे १६ एमबी जागा घेते. दगड, लाकूड, कपडे, चेहरे असे प्रत्येकाचे टेक्स्चर बदलले, की खेळातल्या व्हाइटरन शहराच्या वेशीतून आत शिरताना पडदा क्षणभर थिजतो आणि खेळ कोणतीही सूचना न देता बंद पडून डेस्कटॉप समोर येतो. मॉडवाले याला 'सीटीडी', म्हणजे 'क्रॅश टू डेस्कटॉप', म्हणतात, आणि जुन्या स्कायरिमवर वर्षानुवर्षे झालेल्या चर्चेचा मोठा भाग या एका शब्दाभोवती फिरलेला आहे. स्पेशल एडिशनमध्येही सीटीडी होतो, मात्र त्याचे कारण सहसा जागेची टंचाई नसते. एखादा मॉड सदोष असतो किंवा चुकीच्या आवृत्तीसाठी बनवलेला असतो.

या दुसऱ्या कारणाकडे नवखे लोक हमखास दुर्लक्ष करतात. एका आवृत्तीचा मॉड दुसरीत तसाच टाकून भागत नाही. जुन्या खेळासाठी केलेली अ‍ॅनिमेशनची फाइल स्पेशल एडिशनमध्ये टाकली, तर पात्र दोन्ही हात आडवे पसरून पुतळ्यासारखे उभे राहते आणि त्याच अवस्थेत जमिनीवरून घसरत चालते. खेळ पुरता बंद पडला नाही, तर हे दृश्य पाहायला मिळते. मॉडना जादा क्षमता देणाऱ्या स्क्रिप्ट एक्स्टेंडर या साधनावर, म्हणजे एसकेएसईवर, आधारलेल्या डीएलएल (प्रोग्रामच्या) फाइली तर नव्याने कंपाइल, म्हणजे मूळ कोडपासून पुन्हा तयार, कराव्याच लागतात. त्यामुळे मॉड उतरवून घेताना त्याच्या नावापुढे कोणत्या आवृत्तीचा उल्लेख आहे, हे वाचणे अनिवार्य ठरते.

स्कायरिम इतकी वर्षे टिकण्याचे श्रेय अनेक जण सरसकट स्पेशल एडिशनला देतात. मला ते अर्धेच पटते. जर्मनीतील शुअरएआय या गटाने 'एंडेरल' नावाचे संपूर्ण वेगळे जग २०१६ च्या उन्हाळ्यात, म्हणजे नवी आवृत्ती येण्यापूर्वी, जुन्या ३२-बिट पायावर उभे केले. ६४-बिट रूप त्याला २०२१ मध्ये मिळाले. 'द फरगॉटन सिटी' हाही मुळात जुन्या स्कायरिमचाच मॉड. त्याच्या लेखनाला २०१६ मध्ये ऑस्ट्रेलियन रायटर्स गिल्डचा पुरस्कार मिळाला आणि २०२१ मध्ये त्याचा रोमन नगरीत घडणारा स्वतंत्र खेळ झाला. कल्पकतेची ही घडी जुन्या आवृत्तीने बसवली. तिचा भार पेलण्याची ताकद नवीने दिली, आणि कन्सोलवर (टीव्हीला जोडायच्या खेळयंत्रावर) खेळणाऱ्यांनाही मॉडचे दार उघडून दिले.

आता लॅपटॉपच्या प्रश्नाकडे. मूळ खेळाला किमान २ जीबी रॅम लागते, स्पेशल एडिशनला ८ जीबी. डिस्कवर अनुक्रमे सुमारे ६ आणि १२ जीबी जागा. ४ जीबी रॅमचे जुने यंत्र असेल, त्यातही मे महिन्यात पंख्याखाली खेळायचे असेल, तर जुनी आवृत्ती मॉडशिवाय चालवणे शहाणपणाचे. नागपूरच्या उन्हात आधीच तापलेल्या लॅपटॉपवर अधिक भार टाकण्यात अर्थ नाही. यंत्र बऱ्यापैकी असेल, तर स्पेशल एडिशनच घ्यावी.

११ नोव्हेंबर २०२१ रोजी आलेली 'अ‍ॅनिव्हर्सरी एडिशन' हा तिसरा पाया नव्हे. ती स्पेशल एडिशनच आहे, तिच्यात क्रिएशन क्लबचा, म्हणजे बेथेस्डाच्या अधिकृत जादा भागांचा, मजकूर जोडलेला आहे. मात्र त्याच वेळी स्पेशल एडिशनची मुख्य एक्झी (खेळ चालवणारी) फाइल १.६ क्रमांकाच्या मालिकेत गेली आणि आधीच्या १.५.९७ साठी कंपाइल केलेले एसकेएसईचे मॉड एकाएकी निकामी झाले, म्हणून अनेकांनी खेळ मुद्दाम मागच्या क्रमांकावर नेला. मॉड निवडताना आवृत्तीच्या नावाबरोबर हा क्रमांकही जुळवून पाहावा, आणि सगळे जुळल्यावर स्टीममध्ये (खेळ विकत घेण्याच्या व चालवण्याच्या ॲपमध्ये) त्या खेळाचे अपडेट आपण स्वतः खेळ सुरू करू तेव्हाच व्हावे, अशी सेटिंग करून ठेवावी.