येवल्याचा माग: किती जुना, किती नवा

येवल्यात पैठणी पाहायला गेले की ‘ही दोन हजार वर्षांची कला’ हे वाक्य हमखास कानावर पडते. ते सरसकट खरे नाही. विणकराच्या घरात दिसणारी एकेक गोष्ट वेगवेगळ्या काळात तिथे आली आहे, आणि त्यातली सर्वांत जुनी रीत साडीच्या पदरात उरली आहे. हे ठाऊक असेल तर पाहणाऱ्याची नजर योग्य जागी जाते.

पैठण म्हणजे सातवाहनांचे प्रतिष्ठान. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तेर या दोन्ही बाजारपेठा येतात. पण त्यात पैठणहून भडोचला जाणारा माल गोमेदासारखे खडे हा आहे. कापडाचे नाव निघते ते तेरच्या संदर्भात. गोदावरीकाठी विणकाम जुने आहे यात शंका नाही, मात्र आज आपण जिला पैठणी म्हणतो तिची स्पष्ट ओळख पटते ती पेशवाईत. माधवराव पेशव्यांनी असावली नक्षीचे दुपट्टे मागवल्याची नोंद आहे. असावली म्हणजे फुलांची वेल. पुढे पैठण निजामाच्या मुलखात होते आणि हैदराबादच्या राजघराण्यातही या वस्त्राला मान होता.

येवले सतराव्या शतकात रघोजी नाईकांनी वसवले आणि विणकरांना बाहेरून बोलावून जागा दिली. रेशमाचा मक्ता सुरुवातीला ठरावीक घरांकडेच होता. तो एकोणिसाव्या शतकात कोर्टाच्या निकालाने मोडला. मग खत्री, साळी, कोष्टी अशा अनेक घरांत माग लागले. पैठणचे माग मात्र थंडावत गेले. १९७०च्या दशकात राज्याच्या लघुउद्योग महामंडळाने तिथे केंद्र काढले, तेव्हा पैठणात ही कला पुन्हा उभी राहिली. म्हणूनच आज ‘पैठणी’ पाहायची तर लोक पैठणइतकेच, किंबहुना जास्त, येवल्याला आणि शेजारच्या नागडे गावाला जातात.

मालही बदलला. जुन्या पैठणीचे अंग बारीक सुताचे असे. रेशीम आणि जर काठ-पदरापुरती. आता सुताचा मागमूस नाही. रेशीम येते बेंगळुरूकडून, जर सुरतेहून. कच्च्या रेशमावर डिंकासारखा थर असतो. साबण-सोड्याच्या पाण्यात उकळून तो काढला की वजन वीस-पंचवीस टक्क्यांनी घटते. हा थर नीट निघाला नाही तर रंग डागाडागांनी बसतो. जरीत खरी म्हणजे रेशमी धाग्यावर गुंडाळलेली, सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार. ‘टेस्टेड’ म्हणून विकतात ती तांब्याची, आणि ती काही वर्षांत काळवंडते.

माग जमिनीतल्या खड्ड्यावर बसवलेला असतो. विणकर काठावर बसून पाय खड्ड्यात सोडतो आणि पावड्या (पायाने दाबायच्या पट्ट्या) दाबतो. जमिनीचा ओलावा ताण्याला, म्हणजे मागावरच्या उभ्या धाग्यांना, मिळतो, त्यामुळे उन्हाळ्यात रेशीम कमी तुटते. ताणा संपला की नव्या ताण्याचा प्रत्येक धागा जुन्याच्या टोकाला पीळ देऊन जोडायचा. याला सांधणी म्हणतात. धागे हजारो असतात आणि एकाचा क्रम चुकला तरी वहीत, म्हणजे ताण्याचे धागे उचलणाऱ्या दोऱ्यांच्या चौकटीत, गुंता होतो. साध्या एकधोटी साडीत एकच धोटा (आडवा धागा वाहून नेणारी नळी) इकडून तिकडे जातो. कडियल काठाला तीन लागतात: दोन काठांचे, एक अंगाचा. प्रत्येक फेरीत अंगाचा धागा काठाच्या धाग्यात अडकवावा लागतो. काठ आणि बुट्ट्यांसाठी अनेक मागांवर आता जेकार्ड चढले आहे. ते फ्रान्समधले, १८०४ सालच्या आसपासचे यंत्र. म्हणजे मागाचा वरचा भाग परदेशी आणि तुलनेने नवा.

पदराला मात्र यातले काही चालत नाही. सर्वांत जुनी रीत ती इथलीच. तिथे धोटा बाजूला ठेवतात. एकेका रंगाचे रेशीम छोट्या कांडीवर भरलेले असते, आणि रुंद नक्षीत अशा कितीतरी कांड्या ताण्यावर पडलेल्या दिसतात. विणकर एक कांडी उचलतो, त्या रंगाची जितकी घरे तितके ताण्याचे धागे मोजून त्यांतून ती पार करतो, शेजारच्या धाग्याला अढी (अडकवणारा वळसा) घालतो आणि सोडून देतो. मग पुढची कांडी. सगळ्या फिरल्या की बाण्याची, म्हणजे आडव्या धाग्यांची, एक ओळ पुरी होते. धागे घट्ट बसवणाऱ्या फणीचा ठोका, पावडी बदल, आणि आता उलट्या दिशेने. अढी राहिली तर रंगाच्या कडेला फट पडते. एक धागा कमी मोजला तर बांगडी मोराची (वर्तुळातल्या मोराच्या नक्षीची) मान वाकते, आणि ते चार-सहा ओळी झाल्यावर दिसते. मग उसवण्याशिवाय इलाज नाही. हात दमून ठोका हलका पडला की तोच मोर लांबट होतो. साधी साडी महिन्याभरात उतरते, भरगच्च पदराची सहा महिने ते वर्षही घेते, ते यामुळेच.

या मेहनतीला राखायला कायदे आले. १९८५च्या हातमाग आरक्षण कायद्याने काही कापडे यंत्रमागाला बंद केली. आधी बावीस प्रकार, पुढे अकरा. २०१० मध्ये पैठणीला भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही यंत्रमागावरची ‘सेमी पैठणी’ राजरोस विकली जाते. स्वस्त साडी कोणी घेऊ नये असे नाही, पण ती हातमागाची म्हणून गळ्यात मारणे हा विणकराच्या मजुरीवरचा सरळ डल्ला आहे. ओळखायचे तर पदर उलटा करावा. हाताच्या पदराची उलट-सुलट बाजू जवळपास सारखीच दिसते, कारण प्रत्येक धागा नक्षीच्या कडेलाच वळलेला असतो. यंत्रावरच्या पदराला मागे मोकळे धागे लोंबतात, किंवा ते कापल्याची लव हाताला लागते.

येवल्याचे स्टेशन दौंड–मनमाड मार्गावर आहे. जाण्याआधी फोन करून ‘पदर लागलाय का?’ एवढे विचारून घ्यावे; साडेपाच मीटरच्या साडीत पदर थोडाच असतो, आणि अंग चालू असेल तर फक्त धोटा पळताना दिसतो. विणकराच्या उजेडाच्या बाजूला उभे राहू नये. बोटातली अंगठी, हातातली बांगडी ताण्यापासून लांब ठेवावी; रेशमाचा धागा एका ओरखड्याने तुटतो आणि तो सांधेपर्यंत माग थांबतो.