‘एक तृतीयांश’ म्हणजे सारांश नव्हे

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी शाळांत एक समज पक्का बसलाय: उताऱ्याचे शब्द मोजा, तिसरा हिस्सा ठेवा, प्रत्येक परिच्छेदाचं पहिलं वाक्य उचला, झाला सारांश. हे चूक आहे. एक तृतीयांश ही परीक्षेतली लांबीची मर्यादा, सारांशाची व्याख्या नव्हे.

सीमाप्रश्नावरचा, म्हणजे बेळगावकडचा मराठी भाग महाराष्ट्राचा की कर्नाटकाचा या वादावरचा उतारा घ्या. 1956ची राज्य पुनर्रचना, याच वादासाठी केंद्रानं नेमलेल्या महाजन आयोगाचा 1967चा अहवाल, 2004 साली सर्वोच्च न्यायालयात गेलेला महाराष्ट्राचा दावा. कात्री चालवणारी मुलं नेमक्या सनावळ्या ठेवतात आणि वाद कशाचा हेच गाळतात! महाराष्ट्र म्हणतो, खेडं हा घटक धरा, भाषिक बहुसंख्या आणि सलगता पाहा. कर्नाटक म्हणतं, 1956ला सीमा ठरली, महाजन अहवाल आहेच. उताऱ्याचा कणा हा आहे. सनावळ्या त्याच्या आधाराला.

विश्लेषण ही पुढची पायरी. लेखकाचा दावा कोणता, पुरावा काय दिलाय, दुसऱ्या बाजूचं काय सांगायचं राहिलं? उतारा आपल्या बाजूचा असला की हा शेवटचा प्रश्न विचारायला जड जातं. मुलांनाही, गुरुजींनाही.

खरं तर आपल्या मुलांना सारांश येतोच. कन्नड पेपर वाचून आज्जीला मराठीत बातमी सांगणारं पोर वाक्यं उचलूच शकत नाही, त्याला अर्थच उचलावा लागतो. वर्गातही तेच करा: उतारा दोनदा वाचायला लावा, पुस्तक मिटवा, शेजाऱ्याला दोन वाक्यांत सांगायला लावा. मग लिहायचं. शब्द शेवटी मोजा.