मागच्याचं चाक, पुढच्याची पाठ

२९ जुलै २०२४, पॅरिस ऑलिंपिक. एलांकूरच्या टेकडीवर पुरुषांच्या माउंटन बाइक शर्यतीची शेवटची फेरी. ब्रिटनचा टॉम पिडकॉक मधेच पंक्चर होऊन अर्ध्या मिनिटाहून जास्त मागे पडला होता. ती सगळी तूट भरून काढून तो आता फ्रान्सच्या व्हिक्टर कोरेत्झकीच्या पाठीला लागला होता. वाटेत एक झाड आलं. एकाने झाडाची एक बाजू धरली, दुसऱ्याने दुसरी. झाडापलीकडे वाटा पुन्हा एक होतात, आणि तिथे पिडकॉकने आपली सायकल आधी घातली. धक्का लागला, कोरेत्झकीचा पाय पेडलवरून सुटला. पिडकॉकने ९ सेकंदांनी सुवर्ण नेलं आणि घरच्या प्रेक्षकांनी विजेत्याचीच हुर्यो उडवली. निकाल मात्र तोच राहिला.

चूक कोणाची? आंतरराष्ट्रीय सायकलिंग महासंघाचा नियम सांगतो की खिलाडूवृत्तीने वागा आणि जास्त वेगाने येणाऱ्याला अडवू नका. पण ‘अडवू नका’ म्हणजे ‘बाजूला व्हा’ नव्हे. एक फेरी मागे पडलेल्याने वाट द्यायची, हे सगळेच मानतात. तशी वेळही फार येत नाही, कारण आघाडीवीराला पहिल्या फेरीला लागलेल्या वेळेच्या ८० टक्क्यांइतका मागे पडणाऱ्याला शर्यतीतून काढूनच घेतात. एकाच जागेसाठी झुंजणाऱ्या दोघांत मात्र पुढच्याने आपली लाइन, म्हणजे निवडलेली वाट, सोडावी असं कोणी म्हणत नाही. जागा शोधायची ती मागच्याने. समुद्रावरही असंच आहे. मागून येऊन पुढे जाणाऱ्या जहाजानेच दुसऱ्यापासून दूर राहायचं असतं. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही, इतकं हे साधं आहे.

सायकलच्या बाबतीत त्यात आणखी एक गोष्ट येते. मागच्याचं पुढचं चाक पुढच्याच्या मागच्या चाकाला घासलं, तर बहुतेक वेळा मागचाच पडतो. का, ते बघण्यासारखं आहे. सायकल एका बाजूला कलली की आपण नकळत त्याच बाजूला हँडल वळवतो आणि चाकं पुन्हा आपल्या वजनाखाली आणतो. तोल सांभाळणं म्हणतात ते हेच. याची दुसरी बाजू अशी, की उजवीकडे वळायचं तर क्षणभर हँडल किंचित डावीकडे द्यावं लागतं. त्याशिवाय अंग उजवीकडे कलतच नाही. रोज सायकल चालवणारेही यावर विश्वास ठेवत नाहीत. रिकाम्या मैदानात दोन्ही हातांची बोटं सैल सोडून, फक्त तळव्याने हँडलची एक बाजू पुढे ढकलून बघा.

आता समजा, तुमचं पुढचं चाक समोरच्याच्या मागच्या चाकाच्या उजवीकडून थोडं पुढे शिरलंय आणि दोन्ही टायर घासले. सुटायचं तर उजवीकडे जायला हवं. त्यासाठी आधी हँडल डावीकडे द्यायला हवं, आणि डावीकडे तर त्याचं चाक आहे! त्यात घासणारे दोन भाग उलट दिशांनी फिरतात: त्याच्या चाकाचा मागचा काठ वर चढत असतो, तुमच्या चाकाचा पुढचा काठ खाली येत असतो. तोल गेला, हँडल अडकलं, तुम्ही जमिनीवर. समोरच्याला मात्र जेमतेम हिसका बसतो, कारण त्याचं मागचं चाक हँडलने वळतच नाही. म्हणजे इथे जो पडला, चूकही बहुधा त्याचीच. पण खांद्याला खांदा लागला की हे गणित मोडतं. हँडल साधारण पाऊण मीटर रुंद असतं. त्याच्या टोकाला नुसती टिचकी बसली तरी लांब दांडीमुळे चाक आडवं व्हायला तेवढं पुरतं. मग निर्दोष माणूसही झुडपात जातो.

झुडपात मी स्वतः गेलोय. पुण्याजवळच्या एका टेकडीवर छोटीशी शर्यत होती. मागून आवाज आला, “लेफ्ट!” मी इमानदारीत डावीकडे सरकलो, आणि तोही डावीकडूनच आला. दोघे घाणेरीत. त्याचं म्हणणं, ‘मी डावीकडून येतोय असं सांगितलं’. माझं म्हणणं, ‘तू मला डावीकडे हो म्हणालास’. मराठीत ‘डावीकडून येतोय’ म्हटलं असतं तर त्या ‘ऊन’मुळे आम्ही वाचलो असतो, पण शर्यतीत प्रत्यय उच्चारायला दम कुठे असतो?

गोंधळ फक्त भाषेचा नाही. १९६७ साली सायमन आणि रुडेल या मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग केला. कानात ‘डावं’ किंवा ‘उजवं’ असा शब्द ऐकवायचा आणि ऐकणाऱ्याने त्या बाजूची कळ दाबायची. ‘डावं’ हा शब्द उजव्या कानात पडला की हात रेंगाळायचा. अर्थ एक सांगतो, आवाजाची बाजू दुसरं सांगते, आणि मेंदू आवाजाच्या बाजूला ओढला जातो. टेकडीवर ताशी २५ किलोमीटरने उतरताना अर्ध्या सेकंदात साडेतीन मीटर, म्हणजे दोन सायकलींची लांबी निघून जाते. म्हणून ओरडायचं ते लवकर, आणि बाजू आपण कुठून येतोय तीच सांगायची. ‘बाजूला हो’ म्हणून तर कधीच नाही.

मातब्बर खेळाडू मात्र बऱ्याचदा ओरडतच नाहीत. ते वळणाची वाट बघतात. आतून घुसणाऱ्याला वळण आखूड पडतं. पकड तीच धरली, तर पाच मीटर त्रिज्येच्या वळणात फार तर ताशी २० किलोमीटर निभतात, आठ मीटरच्या वळणात २५. आतला जास्त वेगाने आला की वळणाच्या शेवटी बाहेर फेकला जाणारच, आणि बाहेर दुसरा असतो. त्यामुळे वळणाआधी बरोबरीला न आलेल्याने आत घुसू नये, असं माझं मत आहे. या मापाने पिडकॉकला मी दोष देत नाही. त्याने झाडाआधी स्वतःची वाट निवडली होती आणि संगमावर तो पुढे होता. दांडगाई होती, बेजबाबदारपणा नव्हता.

२०२२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लेन्झरहाइडच्या विश्वचषक शर्यतीत मात्र हिशोब वेगळा लागला. शेवटच्या फेरीत निनो शुर्टरने आपल्याच देशाच्या मॅथियास फ्लुकिगरला ओलांडायचा प्रयत्न केला आणि दोघेही आडवे झाले. शुर्टर जिंकता तर तो त्याचा विक्रमी ३४वा विश्वचषक विजय ठरला असता. दोघे आपापल्या सायकली उचलेपर्यंत इटलीचा लुका ब्राइदॉत बाजूने निघून गेला होता.